आधी तबकडी, मग यंत्र

घरात जुन्या तबकड्या आहेत, त्या पुन्हा ऐकायच्या आहेत, तर फार खर्च न करता कोणते यंत्र घ्यावे, असा प्रश्न आपल्याकडे आता नातवंडांच्या पिढीकडून येऊ लागला आहे. वरकरणी हा बाजारहाटाचा प्रश्न आहे आणि दुकानदाराने त्याचे उत्तर दोन वाक्यांत द्यावे अशी अपेक्षा असते. परंतु बासर, मुधोळ, भैंसा, धर्माबाद या पट्ट्यातील जुन्या मराठी घरांच्या माळ्यांवर ज्या पेट्या आहेत, त्यांच्यापुरते तरी हे उत्तर दुकानात नसून इतिहासात आहे. त्या पेट्यांत बहुधा दोन युगांच्या तबकड्या एकत्र असतात. एक जड, काळी, हातातून निसटली तर फुटणारी लाखेची तबकडी, आणि दुसरी हलकी, किंचित वाकणारी, व्हिनाइलची. दोन्ही वाटोळ्या, दोन्ही काळ्या, दोन्हींवर तोच कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा. त्यामुळे पाहणाऱ्याला त्या एकाच जातीच्या वाटतात. वस्तुतः त्यांच्या खाचा वेगळ्या, फेरे वेगळे आणि सुया वेगळ्या. हा भेद न ओळखता घेतलेले यंत्र पेटीतील निम्मा ठेवा मुका तरी ठेवते, नाहीतर खरवडून टाकते. तबकडीवर एकदा गेलेला ओरखडा कोणत्याही उपायाने भरून येत नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

बासरचे स्थान या कथेत महत्त्वाचे आहे. गुरुचरित्र वाचणाऱ्या घरांना गोदाकाठचे वासरब्रह्मेश्वर परिचित आहे. पोटशूळाने त्रासलेल्या ब्राह्मणाची आणि सायंदेवाची कथा तेथेच घडते. ज्ञानसरस्वतीच्या दर्शनाला आणि मुलांच्या अक्षराभ्यासाला येणारी मराठी कुटुंबे आजही या गावाला परके मानीत नाहीत. निजामी राजवटीत मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो आदिलाबाद जिल्ह्याला जोडला गेला, आणि २०१६ मध्ये जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हा बासर निर्मल जिल्ह्यात आले. माणसे जागची हलली नाहीत, सीमा मात्र त्यांच्यावरून सरकत राहिली. या सरकण्याच्या आधीची गोष्ट अशी की, विसावे शतक उजाडता उजाडता हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग हैदराबादहून निघून नांदेड, औरंगाबादवरून मनमाडला पोहोचला. मनमाडला उतरून मुंबईची गाडी पकडता येऊ लागली. ग्रामोफोन हिंदुस्थानात आला तोही याच सुमारास. आगगाडी आणि तबकडी ही दोन्ही आपल्या भागाच्या वाट्याला जवळजवळ जोडीनेच आली.

लंडनच्या ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्याला उतरला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात गौहरजान या गायिकेचे गाणे त्याने मुद्रित केले, आणि गाणे संपताच तिने इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारले, ते त्या तबकडीवर आजही ऐकू येते. मेणावरील मूळ मुद्रण जर्मनीतील हॅनोव्हर येथे जाई आणि तेथे तबकड्या छापल्या जात. अनोळखी भाषेतले गाणे कोणाचे हे तिथल्या कामगारांना कळावे म्हणून ही घोषणा, असे तिचे स्पष्टीकरण दिले जाते. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, आणि पुढे १९२८ मध्ये डमडमचा मोठा कारखाना उभा राहिला. मराठी रसिकाच्या मनाला यात एक चुटपुट लागून राहते. किर्लोस्कर मंडळीचे भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या फेब्रुवारीत वारले. अवघे दीड-दोन वर्षांचे अंतर, आणि ज्या गळ्यासाठी लोक पदरमोड करून नाटकाला जात तो गळा कोणत्याही तबकडीत उतरू शकला नाही. त्यांच्यानंतरचे बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ मात्र उतरले. एकाचे गाणे आपण ऐकू शकतो आणि दुसऱ्याचे केवळ वर्णन वाचतो, याचे कारण कलेत नाही, तारखेत आहे.

तबकडीने गाण्याला एक नवे बंधन घातले. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत. ख्यालगायकाला हे बंधन जाचक होते, तरीही अनेकांनी एवढ्या वेळात रागाची मूर्ती उभी केली. नाट्यपदाला मात्र ते जणू मापाने बेतलेले होते. 'मानापमान' १९११ साली रंगभूमीवर आले, 'स्वयंवर' १९१६ साली. त्यांतील पदे नाट्यगृहात वन्समोअर घेत तासन्‌तास रंगत असली तरी एकेका पदाचा गाभा तबकडीच्या एका बाजूवर नीट बसे. ज्या गावी नाटक मंडळी कधीच पोहोचली नाही तेथे पदे पोहोचली, याचे श्रेय या तीन मिनिटांच्या चौकटीलाही दिले पाहिजे. १९२५ पर्यंत गायकाला कर्ण्यात तोंड घालूनच गावे लागे. त्यानंतर मायक्रोफोन आला आणि तबकडीतील आवाजाला खालच्या स्वरांचा भरीवपणा आला. आपल्या पेटीतली एखादी तबकडी दूरच्या विहिरीतून आल्यासारखी वाजत असेल तर दोष यंत्राचा असेलच असे नाही, ती १९२५ पूर्वीचीही असू शकते.

आता या जुन्या तबकडीचा देह पाहू. लाख हा तिचा बांधणारा पदार्थ. ती छोटा नागपूरच्या झाडांवरून येई. तीत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळत. ही पूड मुद्दाम घातलेली असे. फोनोचा ध्वनिपेटीसह भार शंभर ग्रॅमहूनही अधिक, आणि सुई म्हणजे पोलादाची साधी पिन. ती खाचेत उतरली की तबकडीतली पूड पहिल्या काही फेऱ्यांत पिनेला घासून खाचेच्या आकाराची करी. झिजायचे ते पिनेने, तबकडीने नव्हे, अशी ही योजना होती. म्हणून एका बाजूला एक पिन, मग ती टाकून द्यायची, असा दंडक पिनांच्या डबीवरही छापलेला असे. आमच्याकडील घरांत हा दंडक किती पाळला गेला असेल, हे ज्याने त्याने आपल्या घरची काटकसर आठवून ठरवावे. एकाच पिनेवर चार-सहा बाजू वाजवल्या की तिच्या टोकाला धार येते आणि मग ती खाचेच्या भिंती तासू लागते. पेटीतील तबकडी उजेडात तिरकी धरून पाहावी. काळ्या चकाकीऐवजी खाचा करड्या दिसल्या, तर ती या काटकसरीची खूण समजावी. तबकडी दोन-अडीच रुपयांची आणि पिन पैची. पण पैची पिन वाचवताना दोन रुपयांचा बालगंधर्व झिजला. हा हिशेब ध्यानात ठेवावा, कारण यंत्र निवडताना पुन्हा त्याच्याशीच गाठ पडते.

फोनोला चावी असे, वीज लागत नसे. खेड्यात वीज येण्यापूर्वी तो का रुजला, याचे एवढे एकच कारण पुरेसे आहे. निजामी राज्यात त्याला आणखी एक परिमाण होते. १९२९ च्या 'गश्ती निशान ५३' ने परवानगीवाचून सभा भरवण्यावर निर्बंध आणले होते. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरायला १९३७ साल उजाडावे लागले. मराठीत चार माणसांनी जमणे संशयाचे ठरत असे त्या काळात ओसरीवर फोनो लावून नाट्यपद ऐकायला मात्र कोणाची मंजुरी लागत नव्हती. फोनोने काही चळवळ केली असे मी म्हणणार नाही. तेवढा दावा अतिशयोक्तीचा होईल. परंतु कारभार उर्दूत, बाजार तेलुगूत आणि घर मराठीत, अशा तीन भाषांत वावरणाऱ्या कुटुंबाला रंगभूमीवरील मराठी शब्दोच्चार कानाने मिळण्याची दुसरी वाट जवळपास नव्हती.

चौथ्या दशकात पेटीतील लेबले वाढली. कुत्र्याच्या छापाबरोबर ओडियन, कोलंबिया यांच्या तबकड्या आल्या. १९३५ मध्ये मुंबईत वडाळ्याला नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड कंपनीने 'यंग इंडिया' या नावाने तबकड्या काढायला आरंभ केला आणि १९५५ पर्यंत त्या निघत राहिल्या. नव्या, नवशिक्या गायकांना संधी देणारी ही देशी कंपनी होती. तिची तबकडी आपल्या पेटीत निघाली तर ती जपून बाजूला ठेवावी, कारण असे मुद्रण दुसरीकडे कोठे उरलेच असेल याची खात्री नसते. याच काळात भावगीत जन्माला आले. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता गोविंदराव जोशी अर्थात जी. एन. जोशी यांनी गाऊन तबकडीवर आणली. हे जोशी पुढे १९३८ मध्ये ग्रामोफोन कंपनीतच अधिकारी झाले आणि शेकडो कलावंतांचे मुद्रण त्यांच्या हातून झाले. 'स्वरगंगेच्या तीरी' या त्यांच्या आठवणी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना हा काळ वेगळा सांगायला नको. तबकडीचे सामर्थ्य सांगायला भीमसेन जोशींचे उदाहरण तर सर्वश्रुत आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी गदगच्या दुकानात तबकडीवर ऐकून हा मुलगा गाण्याच्या शोधात घरातून निघून गेला. दुकानदाराने त्या दिवशी बोथट पिन लावली असती तर, असा विचार कधी कधी मनाला चाटून जातो.

१९४८ च्या जूनमध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३ पूर्णांक १/३ फेरे घेणारी दीर्घ तबकडी आणली. पुढच्याच वर्षी आरसीएने ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी काढली. लाखेची जागा व्हिनाइलने घेतली, खाचा बारीक झाल्या आणि एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटे मावू लागली. ख्याल आता विलंबितातून सुरू होऊ शकत होता. हिंदुस्थानात हा बदल सावकाश आला. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या येथे सत्तरीच्या उंबरठ्यापर्यंत निघत राहिल्या. इतर देशांतील जाणकारांना याचे नवल वाटते, पण चावीच्या फोनोंची संख्या आणि विजेची वाण लक्षात घेता नवल वाटण्याचे कारण नाही. या सावकाशपणाचा परिणाम असा झाला की एकाच घरात, एकाच माणसाच्या हयातीत, एकाच पेटीत दोन्ही जाती गोळा झाल्या. गीतरामायण १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले आणि माडगूळकर-फडके यांची छप्पन्न गीते वर्षभर घुमत राहिली. पुढे ती दीर्घ तबकड्यांच्या संचातून घरी आली. हा संच बालगंधर्वांच्या लाखेच्या तबकड्यांना टेकून उभा असलेला पुष्कळ घरांत दिसे.

या दुसऱ्या युगातले स्वस्त यंत्र म्हणजे एच. एम. व्ही. चा फिएस्टा. प्लॅस्टिकचा, उचलून नेता येणारा, बॅटरीवर चालणारा हा रेकॉर्ड प्लेअर मध्यमवर्गाच्या आवाक्यातला होता. त्याच्याच वेळच्या अनेक यंत्रांत दुतोंडी सुई असे: दांडीच्या टोकाशी एक छोटी कळ, ती एका अंगाला फिरवली की ७८ ची रुंद सुई खाली येई, दुसऱ्या अंगाला फिरवली की दीर्घ तबकडीची बारीक सुई. 'आधी पिन फिरव' हे वाक्य ज्या घरात ऐकू येत असे, त्या घराला दोन युगांतला भेद ठाऊक होता. पुढे ऐंशीच्या दशकात कॅसेट आली, फिएस्टा माळ्यावर गेला, आणि त्याच्याबरोबर हे ज्ञानही माळ्यावर गेले.

तबकडीचे पुनरागमन झाले ते अनपेक्षित. अमेरिकेत २०२२ मध्ये व्हिनाइलच्या तबकड्या सीडींपेक्षा अधिक संख्येने विकल्या गेल्या. १९८७ नंतर असे प्रथमच घडले. त्या लाटेबरोबर स्वस्त यंत्रांचीही लाट आली आणि ती आपल्याकडेही पोहोचली. परंतु ही यंत्रे परदेशी ग्राहकासाठी, म्हणजे केवळ व्हिनाइल बाळगणाऱ्या तरुणासाठी बेतलेली आहेत. आपल्या पेटीची त्यांना कल्पना नाही. म्हणून यंत्राच्या चौकशीपूर्वी पेटी उघडावी आणि तबकड्या दोन गठ्ठ्यांत वेगळ्या कराव्यात. लेबलावर ७८ किंवा ३३ लिहिलेले नसेल तर वजनावरून आणि खाचांवरून कळते. लाखेच्या तबकडीच्या खाचा नुसत्या डोळ्यांना मोजता येतील इतक्या रुंद दिसतात. तिला लागणाऱ्या सुईचे टोक सुमारे ३ मिल, म्हणजे इंचाच्या तीन हजारांश भागाचे. दीर्घ तबकडीच्या सुईचे टोक ०.७ मिलच्या आसपास. बारीक सुई रुंद खाचेत टाकली तर ती तळाशी साचलेल्या धुळीत आणि झिजेत लोळत जाते, आवाज खरखरतो आणि सुईही बाद होते. उलट रुंद सुई दीर्घ तबकडीवर टाकणे म्हणजे पायवाटेवरून गाडा हाकणे.

पेटीत केवळ दीर्घ तबकड्या असतील तर काम सोपे आहे. ऑडिओ-टेक्निका कंपनीचे एलपी-६०एक्स या जातीचे साधे, पट्ट्यावर फिरणारे, स्वयंचलित यंत्र पुरे. कळ दाबली की दांडी आपोआप उतरते, बाजू संपली की उठते. थरथरत्या हाताच्या वडीलधाऱ्यांना ही सोय लाखमोलाची वाटते. त्याचे कार्ट्रिज चुंबकीय आहे, तबकडीवर पडणारा भार सुमारे ३ ग्रॅम, सुई झिजली तर नवी मिळते, आणि आवाज वाढवणारा प्रीअँप आतच आहे, त्यामुळे ते थेट स्पीकरला जोडता येते. मात्र ते ३३ आणि ४५ फेरेच घेते. लाखेची तबकडी त्यावर वाजणार नाही, आणि वाजवू नये.

सुटकेसच्या आकाराची, झाकण मिटून उचलता येणारी, रंगीबेरंगी यंत्रे याहूनही स्वस्त मिळतात. त्यांच्यावर ३३, ४५ आणि ७८ असे तिन्ही आकडे छापलेले असतात, आणि नेमका येथेच आपला माणूस फसतो. फेरे तीन आहेत, सुई मात्र एकच, तीही बारीक. कार्ट्रिज बहुधा सिरॅमिक, भार पाच-सहा ग्रॅम. स्पीकर त्याच खोक्यात, त्यामुळे खोक्याची थरथर सुईपर्यंत पोहोचते. काही यंत्रांसाठी ७८ ची सुई वेगळी मिळते, पण ती मागून आणावी लागते आणि दुकानदार स्वतःहून सांगत नाही. नवीन छापलेल्या एखाद्या तबकडीसाठी मुलांनी हे यंत्र घेतले तर माझी हरकत नाही. गीतरामायणाचा संच त्यावर रोज वाजवणे मला पटत नाही.

दोन्ही गठ्ठे भरलेले असतील, आणि आपल्या पट्ट्यात ते तसे असण्याचाच संभव अधिक, तर तीन गोष्टी पाहाव्यात: ७८ फेरे, बदलता येणारी सुई आणि गती थोडी कमीजास्त करण्याची सोय. ऑडिओ-टेक्निकाच्याच एलपी-१२०एक्स या यंत्रात या तिन्ही आहेत. त्यासोबत येणारी सुई दीर्घ तबकडीची असते. त्याच मालिकेतील ७८ साठीची ३ मिलची एसपी नावाची सुई वेगळी घ्यावी, ती त्याच कार्ट्रिजवर बसते. जुन्या फिएस्टातली 'पिन फिरवण्या'चीच ही आजची तऱ्हा. सुई बदलली की दांडीचा भारही तिच्यासोबतच्या कागदात दिल्याप्रमाणे बदलावा लागतो, कारण लाखेच्या तबकडीला अधिक भार लागतो. हे यंत्र पहिल्याच्या तुलनेत महाग आहे हे खरे. पण पैसे कमी असतील तर स्पीकर साधे घ्यावेत, घरातल्या जुन्या रेडिओ-टेपला जोडून भागवावे; सुईत काटकसर करू नये. स्पीकर पुढच्या वर्षीही बदलता येतो. सुईने झिजवलेला आवाज बदलता येत नाही.

गती कमीजास्त करण्याच्या सोयीला मी इतके महत्त्व का देतो, याची थोडी फोड करायला हवी. ७८ हा आकडा विजेवरील मुद्रण आल्यानंतर, विसाच्या दशकाच्या मध्यापासून सर्वमान्य झाला. त्यापूर्वीच्या तबकड्या कमीअधिक गतीने मुद्रित होत. गतीत सहा टक्क्यांचा फरक पडला की आवाज अर्धा स्वर वर किंवा खाली सरकतो. काळी चारात गाणारा गायक पांढरी सहात जातो, आणि त्याबरोबर त्याच्या आवाजाचा पोतही पालटतो. जुन्या तबकड्यांवरचे आवाज चिरके वाटतात अशी जी सार्वत्रिक तक्रार आहे, तिचा काही भाग तरी या चुकीच्या गतीचा आहे. पेटीची पट्टी हाताशी ठेवून गती थोडी थोडी उतरवीत गेले तर एका जागी गायकाचा श्वास, शब्द आणि स्वर तिन्ही एकदम सैल होतात. तीच त्याची गती समजावी. अंतर्गत प्रीअँप सर्व तबकड्यांना १९५४ नंतर रूढ झालेल्या मापानेच आवाज देतो, त्यामुळे जुनी तबकडी थोडी दबकी वाटेल. स्पीकरचा वरचा स्वर किंचित वाढवला की तेवढ्यापुरते भागते.

चावीचा जुना फोनो अजून घरात असेल तर तो दिवाणखान्यात शोभेल, आणि झिजलेल्या एखाद्या तबकडीवर, दर बाजूला नवी पिन लावून, वर्षातून एकदा वाजवायला हरकत नाही. त्यावर व्हिनाइलची तबकडी मात्र कधीही ठेवू नये. पोलादी पिन आणि शंभर ग्रॅमचा भार तिची खाच पहिल्याच वाजवण्यात नांगरून टाकतो. फिएस्टासारखी यंत्रे दुरुस्त करून घेण्याचा मोह होतो; त्यांची मोटर चालू होईलही, पण जुनी सुई तपासल्यावाचून तबकडीवर टेकवू नये.

धुण्याविषयी एक इशारा अत्यावश्यक आहे. व्हिनाइल स्वच्छ करण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या द्रवांत पुष्कळदा अल्कोहोल असते. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते; सुतार पॉलिश करताना हेच करतो. हौसेने स्पिरिटचा बोळा फिरवला तर बालगंधर्व बोळ्यावर निघून येतील. लाखेची तबकडी ऊर्ध्वपातित पाण्याने, मऊ कापडाने, लेबल कोरडे ठेवून पुसावी आणि लगेच वाळवावी. तबकड्या आडव्या रचून ठेवू नयेत, उभ्या ठेवाव्यात. गोदाकाठच्या पावसाळ्यात बुरशी आणि आपल्या उन्हाळ्यात उष्णता हे दोन्ही शत्रू. पत्र्याखालचा माळा ही दोन्हींची सोय झाली. खालच्या खोलीतील आतल्या भिंतीचे कपाट बरे.

यंत्र आले म्हणजे पहिल्या दिवशी सर्व पेटी वाजवण्याची घाई करू नये. प्रत्येक तबकडी एकदाच, स्वच्छ करून, योग्य सुईने वाजवावी आणि त्याच वेळी संगणकावर उतरवून घ्यावी. एलपी-१२०एक्सच्या यूएसबी तारेने ते होते. त्यानंतर रोजचे ऐकणे उतरवलेल्या प्रतीवर करावे. उतरवताना लेबलावरील सर्व मजकूर, आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला बारीक क्रमांक, वहीत टिपून ठेवावा. या क्रमांकावरून मुद्रणाचे वर्ष आणि ठिकाण जाणकारांना लावता येते. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने अशा नोंदींचे मोठे काम केले आहे, आणि तिच्या अंकांतून कितीतरी विस्मृत मराठी गायकांची नावे पुन्हा प्रकाशात आली. आपल्या भागातील पेट्यांची अशी यादी अद्याप एकत्र झालेली नाही. ती करायची तर लेबलावर नसलेली माहितीही टिपली पाहिजे: तबकडी कोणी आणली, नांदेडहून की हैदराबादहून, लग्नात आली की कोणाच्या पहिल्या पगारातून. हे सांगू शकणारी माणसे आज नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांना यंत्राशेजारी बसवावे, तबकडी लावावी, आणि गाणे संपल्यावर लगेच दुसरी लावू नये.